रिकाम्या टाकीला चिमूटभर

४ जानेवारी, रविवार

टाकी आली! दोन माणसांनी उचलून आणली. जिन्यात सासूबाईंनी त्यांना दर वळणावर थांबवलं — "भिंतीला घासू नका, आत्ताच रंग दिलाय!" रंग देऊन कितीतरी वर्षं झाली.

ठेवली आहे स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, ह्यांच्या खुर्चीच्या जागी. दुसरी जागाच नव्हती. खुर्ची गॅलरीत गेली. दिवसभर मी गॅलरीत गेले नाही.

माशांचा दुकानदार स्वतः आला होता. जाडा, जिना चढून धापा टाकणारा, सारखा हसणारा माणूस. त्याने वाळू पसरली, पाणी भरलं, नळाच्या पाण्यातलं औषध मारणारे थेंब टाकले, फिल्टर लावला. फिल्टर म्हणजे एक डबी. आत काळा स्पंज. मोटर पाणी ओढते, स्पंजातून गाळते आणि परत सोडते. बारीक घूं घूं आवाज.

मी म्हटलं, मग आमच्या माशाला, शेठला, उद्या आणू?

"काकू, उद्या आणलात तर परवा पुरावा लागेल."

मग त्याने समजावलं. मासा पाण्यातच खातो, पाण्यातच घाण करतो. त्या घाणीचं विष होतं. अमोनिया. स्पंजात जंतू वाढतात, ते हे विष खातात आणि त्याचं दुसरं विष करतात. मग दुसरे जंतू येतात, ते दुसरं विष खातात आणि त्याचं साधंसुधं काहीतरी करतात. दोन्ही जंतू वस्तीला आले, दोन्ही विषं शून्यावर आली, की मग मासा. "पाणी मुरावं लागतं, काकू. महिना धरून चाला."

"तोवर मी काय करू?"

"रोज चिमूटभर खाऊ टाकायचा. तो कुजला की अमोनिया होतो, त्यावर जंतू वाढतात."

सासूबाई मध्येच — "मासा नाही आणि खाऊ? कोण खाणार?"

"जंतू आहेत ना, आजी. दिसत नाहीत, पण असतात. त्यांनाही खायला लागतं."

"अस्सं!" म्हणाल्या आणि टाकीकडे पाठ करून भाजी निवडायला बसल्या.

५ जानेवारी, सोमवार

पहिली चिमूट टाकली. खाऊ वर तरंगला, मग एकेक तुकडा हळूहळू खाली गेला. कुणी आलं नाही. येणार कोण!

८ जानेवारी, गुरुवार

ह्यांच्या दुकानात जाऊन आले. हे गेल्यानंतर तिसऱ्यांदाच. भाऊजी एका गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा फिरवत होते. मला पाहून म्हणाले, "वहिनी, बसा. शेठ आहेत आत."

शेठ म्हणजे ह्यांचा सोनेरी मासा. दुकान थाटलं त्या वर्षी बोटाएवढा होता, आता माझ्या पंज्याएवढा आहे. गल्ल्यासमोरच्या भिंतीतच टाकी बांधून घेतलेली, त्यामुळे सगळा वेळ त्याचा डोळा गल्ल्यावर. गिऱ्हाइकांनीच शेठ नाव ठेवलं. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा एक म्हातारे गिऱ्हाईक ह्यांना दरवेळी विचारायचे, "काय, चिरंजीव अभ्यास करतात ना?" हे म्हणायचे, "कसला अभ्यास! सगळं वर्ष पाण्यात!" दोघंही हसायचे. तोच विनोद, इतकी वर्षं!

हे अंगात पांढरा डगला चढवायचे तेव्हा शेठ काचेशी यायचा. मी आज काचेला बोट लावलं. तो मागच्या कोपऱ्यात होता. वळून पाहिलं — मला तसं वाटलं — आणि तिथेच राहिला.

भाऊजींच्या उजव्या शेपटीवर — काय लिहिते आहे मी! शेठच्या शेपटीवर उजवीकडे काळा डाग आहे. तो मोठा झालाय का, असं भाऊजींना विचारलं. "कुणाला ठाऊक! हे सगळं दादाच बघायचा."

एकतीस तारखेला दुकान सोडायचं. भाऊजींना मोठ्या सलूनमध्ये नोकरी मिळाली आहे. एकट्याने दोन खुर्च्या चालत नाहीत, त्यांचं काही चुकलं नाही. नवा भाडेकरू मधली भिंत पाडणार. भिंतीबरोबर टाकीही जाणार. भाऊजी म्हणाले, "एका गिऱ्हाइकाच्या बागेत हौद आहे. देऊन टाकू का त्यांना?"

मी नाही म्हटलं. इतक्या जोरात, की साबण लावून बसलेला माणूस वळला.

ह्यांचं शेवटचं गिऱ्हाईकही असंच अर्ध्या साबणात होतं. छातीत कळ येत होती तरी ह्यांनी त्याची दाढी पुरी केली, टॉवेलने तोंड पुसून दिलं आणि मग स्वतः खुर्चीत बसले. त्या माणसाने मला हे सांगितलं तेव्हा तो सारखा स्वतःच्या गालाला हात लावत होता.

शेठ घरी यायला हवा. एवढंच.

९ जानेवारी, शुक्रवार

चिमूट टाकली. पाणी दुधाळ झालं आहे. दुकानदार फोनवर म्हणाला, होतं असं, घाबरू नका.

१२ जानेवारी, सोमवार

तपासायचा संच आणला. काचेची नळी, त्यात टाकीचं पाणी, वरून औषधाचे थेंब. पिवळं राहिलं तर अमोनिया नाही. हिरवं झालं तर आहे. आज पोपटी. म्हणजे सुरुवात झाली. विष झालं म्हणून आनंद होणारी मीच एक असेन!

वाचनालयातून मत्स्यपालनाचं पुस्तक आणलं. जाड आहे, पण पानं सगळी आहेत. मला त्याचंच अप्रूप. शाळा चौथीत सुटली. नंतर जे काही वाचलं ते दुकानातली जुनी मासिकं. गिऱ्हाइकांची वाचून झाली की हे घरी आणायचे. पण कागद कमी पडला की वस्तऱ्यावरचा साबण पुसायला त्यातलीच पानं फाडली जायची, आणि ती नेहमी मागची. किती गोष्टींचे शेवट साबणात गेले! मी रात्री ह्यांना विचारायची, त्या बाईचं पुढे काय झालं? हे पडल्या पडल्या शेवट रचून सांगायचे. ह्यांच्या शेवटांत माणसं नेहमी घरी परत यायची.

सासूबाईंचं चालूच. "माणसाच्या ताटाला उशीर झाला तरी चालेल, काचेच्या पेटीला मात्र वेळेवर!" मी म्हटलं, आई, चहा टाकू का? "टाक. पण त्यात ती भुकटी नको टाकूस."

टाकीकडे बघायचं नाही म्हणून त्यांनी आपला पाटही फिरवून घेतला आहे.

१५ जानेवारी, गुरुवार

रंग गडद हिरवा. कमी व्हायचं नावच नाही. दुकानदाराकडे गेले. त्याने कपाळावर हात मारला — "काकू, दुकानातली टाकी जुनी आहे ना? तिच्या फिल्टरचा स्पंज अर्धा कापून आणा की! त्यातच सगळी वस्ती आहे. तो तुमच्या फिल्टरमध्ये ठेवला की निम्मं काम झालं. मळका तसाच आणायचा. जेवढा घाण तेवढा चांगला!"

मला हसू फुटलं. ह्यांची एवढी शिस्त! कंगवा एका डोक्यावरून निघाला की जंतुनाशकाच्या निळ्या बरणीत. वस्तरा उकळत्या पाण्यात. टॉवेल रोज भट्टीला. आणि तो स्पंज मात्र शेवाळासारखा काळाहिरवा. सुट्टीच्या दिवशी हे टाकीचंच पाणी बादलीत काढायचे, त्यात स्पंज एकदा पिळायचे आणि तसाच परत लावायचे. भाऊजी चिडवायचे, "दादा, सगळ्या दुकानात हीच एक जागा तुझ्या तावडीतून सुटली." हे नुसते हसायचे. का, ते सांगितलं नाही. कुणी विचारलंच नाही.

भाऊजींना फोन केला. स्पंज अर्धा कापून उद्या घेऊन या. हो म्हणाले. गिऱ्हाईक होतं, घाईत होते.

मळका तसाच आणा हे मी सांगितलं का? सांगितलं असेन.

१६ जानेवारी, शुक्रवार

नाही सांगितलं.

भाऊजी संध्याकाळी आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत स्पंज. काळा कुळकुळीत, नव्यासारखा. तोंडभर हसत होते. "वहिनी, काय घाण होती म्हणून सांगू! गरम पाण्यात काढला, साबण लावला, मग रात्रभर निळ्या बरणीत ठेवला. आता एक जंतू सापडायचा नाही. तुमच्या नव्या टाकीत मळका कसा द्यायचा?"

मी पिशवी हातात धरून उभी राहिले.

"आणि दुसरा अर्धा?"

"तोही धुतला की! एवढं केलं तर अर्धवट कशाला? लावला परत शेठच्या टाकीत."

 चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. चहा दिला. ते दोन घोट घेऊन थांबले. "काही चुकलं का?"

मी सांगितलं. ओरडले नाही, हळूच सांगितलं. कप तसाच राहिला. सासूबाई पाठमोऱ्या बसल्या बसल्या म्हणाल्या, "धाकट्या, तुला स्वच्छता मीच शिकवली." 

१७ जानेवारी, शनिवार

दुकानदार म्हणतो, निळ्या औषधातून काही वाचत नाही. आता दोन्ही टाक्या रिकाम्या समजा. एकीत मासा आहे, एवढाच फरक.

२० जानेवारी, मंगळवार

सोमवारी दुकान बंद होतं. आज सकाळी उघडलं तेव्हा शेठ वर येऊन तोंड उघडत होता. भाऊजींचा फोन — "वहिनी, तो हवा खातोय!"

धावत गेले. कल्ले लाल. अंगाचं तेज गेलेलं. दुकानदाराने सांगितलं तसं निम्मं पाणी काढलं, थेंब घातलेलं नवं भरलं. गिऱ्हाइकं बसून होती, कुणी घाई केली नाही. त्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांनी बाही दुमडून माझ्याबरोबर बादल्या उचलल्या. अभ्यासाचं विचारलं नाही त्यांनी.

दुपारपर्यंत शेठ जरा खाली गेला.

आता रोज जायचं. इकडचं पाणी मुरेपर्यंत तिकडचं बदलत राहायचं. दुसरा उपाय नाही. कुठलं आधी होतं, बघायचं.

२२ जानेवारी, गुरुवार

घरच्या टाकीत अजून गडद हिरवा. पुस्तकात लिहिलं आहे, अमोनिया फार वाढला तर जंतूंची वाढच खुंटते. ज्यावर जगायचं तेच जास्त झालं तर गुदमरतात. मी चिमूट निम्मी केली.

खाऊची डबी इतक्यात अर्धी झाली! मुंग्या लागल्या की काय. झाकण घट्ट लावून वरच्या फळीवर ठेवली.

२५ जानेवारी, रविवार

दुकानदार येऊन गेला. नळी उजेडात धरून बराच वेळ पाहिली. "काकू, हात जड आहे का तुमचा?"

मी चिमूट करून दाखवली. तीळभर. त्याने मान हलवली. "एवढ्यावर एवढा अमोनिया? घोडं कुठे पेंड खातंय तेच कळत नाही." नळाचं पाणी तपासलं. स्वच्छ पिवळं. वाळू हुंगली. फिल्टर कानाला लावून ऐकला. मोटर ठीक. शेवटी त्याने हात टेकले. अर्धं पाणी बदललं आणि म्हणाला, "खाऊ आठवडाभर बंदच ठेवा."

सासूबाई म्हणाल्या, "तुमचंच पाणी, तुमचेच जंतू, आणि तुम्हालाच कळत नाही होय?"

"आजी, डॉक्टरला तरी सगळं कुठे कळतं!"

त्यावर त्या उठल्या. आत गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

२७ जानेवारी, मंगळवार

खाऊ बंद करूनही आज हिरवाच. दुसऱ्या विषाची तपासणी केली, नळी किंचित जांभळी. म्हणजे पहिल्या जातीचे जंतू आलेत, थोडे का होईना. चार दिवसांत बाकीचे कुठून येणार!

तिकडे शेठ खात नाही. मी गेले की वर येतो. पण तो माझ्यासाठी येत नाही, हवेसाठी येतो.

३१ जानेवारी, शनिवार

दुकान आवरलं. आरसे उतरवले. त्यांच्यामागे भिंत केवढी पांढरी! भाऊजींनी ह्यांची कात्री माझ्या हातात दिली. "तुमच्याकडे असू द्या." मी म्हटलं, तुम्ही वापरा. धार जाईल नुसती ठेवून. त्यांनी ती फडक्यात गुंडाळली आणि खिशात ठेवली. खिशावर सारखा हात जात होता.

निळी बरणी त्यांनी मोरीत ओतली. बरणीही घेतली नाही बरोबर.

शेठला पकडायला जाळी लागलीच नाही. बादली बुडवली आणि तो आपणहून आत आला. अंगात जोर नव्हता. रिक्षात बादली पायांत धरून बसले. प्रत्येक खड्ड्याला थोडं पाणी साडीवर. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं — "मासा आहे? खायचा?"

"घरचा आहे," मी म्हटलं. त्यानंतर त्याने रिक्षा सावकाश चालवली.

टाकीतलं पाणी अजून त्याच्यासाठी विष. दुकानदार म्हणाला, "टाकीत सोडू नका. मोठा टब घ्या, त्यात रोज सगळं पाणी बदला." कपड्यांचा टब घासून, धुऊन घेतला. साबण लावला नाही! त्यात सोडला. टब टाकीच्या खाली, जमिनीवर. वर इतकं पाणी, नवी वाळू, दिवा, आणि हा खाली कपड्यांच्या टबात.

१ फेब्रुवारी, रविवार

सकाळी उठले तर सासूबाई पाट घेऊन टबाशी बसलेल्या. पाठ करून नाही, तोंड करून.

"हा दुकानातला?"

"हो आई."

"केवढा आहे! मला वाटलं बोटभर असेल." मग बराच वेळ पाहत राहिल्या. "थोरला रोज सांगायचा, आज शेठने असं केलं, तसं केलं. मी म्हणायची, पुरे तुझ्या माशाचं कौतुक."

सासूबाई दुकानात कधी गेल्याच नाहीत. बायकांनी तिथे जायचं नाही असं त्यांचं मत. म्हणजे आज पहिल्यांदा पाहिला.

दिवसभर तिथून हलल्या नाहीत. मी पाणी बदलताना म्हणाल्या, "हळू ओत, नाकातोंडात जाईल." माशाच्या नाकातोंडात पाणी! मी हसले. त्याही हसल्या. ह्यांच्यानंतर आम्ही दोघी एकदम हसलो, ते आज.

३ फेब्रुवारी, मंगळवार

एका अंगावर कलतो आहे. पुन्हा सरळ होतो. पुन्हा कलतो. दुकानदाराने मिठाचं प्रमाण सांगितलं, घातलं. त्याने भीड न ठेवता सांगितलं — "कल्ले जळलेत, काकू. आता त्याचं तो."

पुस्तकातलं आजारी माशांचं प्रकरण पुन्हा वाचलं. सगळी पानं आहेत. उपयोग काय!

४ फेब्रुवारी, बुधवार

शेठ गेला. दुपारी, सासूबाई शेजारी बसलेल्या असताना. त्यांनी मला हाक मारली नाही. मी कपडे वाळत घालून आले तेव्हा म्हणाल्या, "झालं," आणि टबावर टॉवेल टाकला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

गॅलरीतल्या मोठ्या कुंडीत पुरला. ह्यांच्या खुर्चीशेजारी. खुर्चीवर बसले थोडा वेळ. धूळ होती, पुसली नाही.

भाऊजी नव्या नोकरीवरून तसेच आले. अंगावर नव्या दुकानाचा काळा डगला, छातीवर त्यांचं नाव विणलेलं. कुंडीपाशी उभे राहिले आणि एकदम लहान मुलासारखे रडले. ह्यांच्या वेळी रडले नव्हते. तेव्हा सगळं तेच बघत होते, डॉक्टर, गाडी, माणसं, लाकडं. रडायला सवडच नव्हती.

"माझ्यामुळे गेला, वहिनी. दादाची एक वस्तू होती, तीही मी धुऊन टाकली."

मी म्हटलं, मी नीट सांगितलं नाही. खरंच नाही सांगितलं. पण त्यांना ते ऐकूच गेलं नाही. सासूबाई दारातून म्हणाल्या, "पुरे आता, जेवून जा." ते न जेवता गेले.

खाऊची डबी फळीवरून काढून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवली. आता कशाला काही टाकायचं!

९ फेब्रुवारी, सोमवार

टाकीचं बटण बंद करायला रोज जाते. करत नाही. घरात तेवढाच एक आवाज आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज ठरवलं. दुकानदाराकडे गेले, म्हटलं टाकी परत घ्या, जे काय द्यायचं ते द्या. त्याने नाही म्हटलं नाही. फक्त म्हणाला, "रिकामी करण्याआधी एकदा पाणी दाखवा. माझ्या मनाला चैन नाही. महिन्यावर झालं, ते पाणी का मुरलं नाही, ते मला कळायला हवं."

औषधाच्या बाटलीत पाणी नेलं. त्याने नळ्या भरल्या. अमोनियाची हिरवीच झाली. दुसऱ्या विषाची गडद जांभळी.

"खाऊ टाकताय ना अजून?"

"कधीच बंद केला. तुम्ही सांगितलंत तेव्हापासून चिमूटभर नाही."

त्याने नळी खाली ठेवली. "मग हे येतं कुठून, काकू? आपोआप विष होत नाही. आत काहीतरी पडतंय. रोज पडतंय."

मी घरी आले. डबी उघडली. तळाशी नखभर खाऊ उरलाय.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी वाचनालयात जाते म्हणून निघाले आणि जिन्यातूनच परत आले. दार लोटलेलं होतं. सासूबाई टाकीसमोर उभ्या. काठावर एक हात, दुसऱ्या हातात डबी. उरलेला सगळा खाऊ त्यांनी तळव्यावर घेतला आणि पाण्यावर झटकला.

"आई, त्यात मासा नाही."

"माहीत आहे. आंधळी नाही मी." वळल्याही नाहीत. "पहिल्या दिवसापासून घालते. तू झोपलीस की दुपारी. तुझी चिमूट ती केवढीशी! आणि मग तीही बंद केलीस. त्या दुकानदाराने सांगितलं ना, आहेत म्हणून? दिसत नाही म्हणून काय उपाशी ठेवायचं?"

भाऊजींचा फोन वाजत होता. रोज येतो, रोज तेच म्हणतात — माझ्यामुळे. मी उचलला नाही. उचलून काय सांगू! कुणाचं नाव घेऊ!

संध्याकाळी जाऊन नवी डबी आणली. सासूबाईंच्याच हातात दिली.

"रोज एक चिमूट, आई. एकच."